एक कोयता, एक कोपी

आमच्या घरात शांत बसणारं माणूस जन्मालाच आलेलं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी उभेच असायचे. मधेच साखरेच्या पोत्यावर थाप मार, मधेच वर टांगलेली शाम्पूच्या पुड्यांची माळ सरळ कर, नाहीतर उगीच बाहेर येऊन केजकडून येणाऱ्या जीपची वाट बघ. जीपमधनं त्यांचं कुणी येणार नसायचं. आई चुलीपुढं बसली तरी तिचा एक गुडघा हलत राहायचा. माझं तर विचारूच नका. मी तेव्हा केजच्या कॉलेजात शिकत होते, रोज एसटीनं जायची-यायची, आणि घरी आले की पुस्तक हातात धरून दुकानातनं स्वयंपाकघरात, तिथनं वर माळवदावर, माळवदावरनं परत खाली. आई वैतागून म्हणायची, ‘शैले, तुझ्या पायाला चक्रं लावलीत का ग?’ युसूफ वडगावात आमचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यामागं अंगण. एवढ्या जागेत आम्ही चौघं दिवसभर एकमेकांवर आदळत असायचो.

चौथी म्हणजे गिरजाआत्या, अप्पांची धाकटी बहीण. तिला सासरहून परत येऊन बरीच वर्षं झाली होती. का आली, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, सासू बरी होती. एका दिवाळीला ती माहेरी आली आणि परत गेलीच नाही. ‘मला तिथं करमत न्हाई,’ एवढंच तिचं उत्तर. अप्पांनी नेऊन घातली, ती पुन्हा आली. पुन्हा नेली, पुन्हा आली. शेवटी त्या माणसानं दुसरं लग्न केलं आणि अप्पांनी हात टेकले. आत्या दिसायला उंच, आवाजानं मोठी, आणि तिला एक मोठा त्रास होता: तिला कशाचाच धीर नसायचा. दूध तापायच्या आधी उतरवायची, पाहुणा बसायच्या आधी चहा आणायची. घरात तिच्या बांगड्यांचा आवाज आधी यायचा, ती नंतर.

पण ही बाई अंगणातल्या उखळापाशी बसली की निवायची. आमच्याकडं लग्नाला येसराची आमटी लागते. डाळ, ज्वारी, धणे आणि मसाले भाजून कुटायचे, त्या पुडीचं नाव येसर. केजला मसाला कुटायची मशीन आली होती, तरी अख्ख्या गावाच्या लग्नांना येसर जायचं ते गिरजाआत्याच्या हातचं. ते कुटायला तिच्या जोडीला असायची हौसा. एक उखळ, दोन मुसळं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. मधे बोलणं, हसणं, एकमेकींवर खेकसणं, पण ठेका चुकायचा नाही. तो आवाज उन्हाळाभर आमच्या घरात असायचा आणि भाजलेल्या धण्यांच्या वासानं दुकानातली गिऱ्हाइकं शिंकायची. दुपारी दोघी अंगणातच एका ताटात जेवायच्या, अप्पा तिकडं बघायचेच नाहीत. हौसाला भाकरीचा पोपडा आवडायचा, तो आत्या काढून तिच्याकडं सरकवायची आणि खालचा मऊ भाग आपण खायची. मी मागितला तर हातावर चापट.

हौसा गावाच्या खालच्या अंगाला वस्तीवर राहायची. नवरा मेलेला, मूलबाळ नाही. काळीसावळी, ठेंगणी, बोलायला कमी. दसरा झाला की ती उसाच्या तोडीला जायची आणि थेट उन्हाळ्यात परत यायची. तोडीच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक करून नवरा-बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरनं ट्रकपर्यंत वाहायच्या. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. हौसा अर्धा कोयता होती, भाऊ-भावजयीच्या मागं जायची. ती गेली की आमच्या घरातला हिवाळा लई वाईट जायचा. आत्या कुणावरही ओरडायची, स्वयंपाकात मीठ विसरायची, आणि तिन्हीसांजेला दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची. आई म्हणायची, ‘आली बाई हिची थंडी.’

गाव काय म्हणायचं? काही नाही. चेष्टा करायचं. ‘गिरजाबाई, तुमचे मालक कवा येणार तोडीहून?’ असं बाया पाणवठ्यावर विचारायच्या आणि आत्या पण ठसक्यात सांगायची, ‘येतील की, साडी घेऊन येतील.’ सगळ्या हसायच्या. माझ्या मावसबहिणीचा पोरगा पुण्यात वकिली करतो, तो परवा म्हणाला, ‘मावशी, तुमचं गाव त्या काळात केवढं पुढारलेलं होतं!’ डोंबल पुढारलेलं. गावाला त्या दोघींत काही दिसतच नव्हतं. दोन बिननवऱ्याच्या बाया, त्यांना काय कुणी मोजतंय? एका पांघरुणात झोपल्या काय आणि दोन पांघरुणांत काय, कुणाच्या घराण्याचं त्यात काही अडत नव्हतं. त्या अंधारात त्या दोघी सुखानं राहत होत्या, एवढंच खरं.

मग गावात टीव्हीच्या तारा आल्या. ग्रामपंचायतीच्या मागं एका पोरानं मोठी छत्री बसवली आणि घरोघरी वायरी ओढल्या. आमच्या शेजारी मथुराकाकूंकडं रंगीत टीव्ही होता, म्हणून संध्याकाळी आळीतल्या बाया तिथं जमायच्या. मथुराकाकू म्हणजे आमच्या आळीचं कोर्ट. लग्नं जमवायच्या, मोडायच्या, आणि अप्पांना ‘भावजी’ म्हणून हक्कानं चार गोष्टी सुनवायच्या. त्या दिवशी टीव्हीवर हिंदीत चर्चेचा कार्यक्रम चालू होता. कुठल्याशा शहरातल्या दोन पोरी, तोंडावर ओढणी घेतलेल्या, सांगत होत्या की आम्ही देवळात जाऊन लग्न केलंय. टाय लावलेला एक माणूस ही पाश्चात्त्य विकृती आहे म्हणाला. डॉक्टर असलेली एक बाई नाही म्हणाली. बघ्यांतला एक जण माईक हातात घेऊन विचारत होता, ‘तुमच्यात नवरा कोण?’ आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून बघत होतो. आत्या आणि हौसा दाराशी बसून शेंगा फोडत होत्या.

काकूंची नवी सून होती, भोळी पोर. ती एकदम हसून म्हणाली, ‘अगं बया, आपल्या गिरजाआत्या अन हौसाबाईसारखंच की!’

आधी सगळ्या खळखळून हसल्या. मग ते हसू एकेकीच्या तोंडावरनं उतरत गेलं. माना दाराकडं वळल्या. मी पण वळून बघितलं. हौसाचा हात शेंगांच्या सुपात थांबला होता. आत्या उठली, पदर झटकला आणि म्हणाली, ‘चल हौसे, मला चूल पेटवायचीय.’ चूल कधीच पेटलेली होती, आईनं भाकरी पण केल्या होत्या.

दोन दिवसांत गावाची जीभ बदलली. काल ज्या बाया ‘तुमचे मालक’ म्हणायच्या, त्या आता आत्या दिसली की गप्प व्हायच्या, आणि ती पुढं गेली की कुजबुजायच्या. पारावरची पोरं हौसाला बघून शिट्टी मारायला लागली. अप्पांना दुकानात कुणीतरी म्हणालं, ‘काय बे अप्पा, टीव्हीवाले तुझ्या घरी कवा येणार?’ अप्पा त्याच्या अंगावर धावून गेले. मथुराकाकूंनी मात्र ठरवून टाकलं. त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून आईला सांगत होत्या, ‘रोग असतो म्हणं तो. लगीन झालं की बरा होतो. आष्टीला माझा मावसभाऊ हाय, भुसाराचं दुकान, बायको वारलीय. पाट लावून टाका. लोकाच्या तोंडाला कुलूप लागंल.’ आई म्हणाली, ‘अहो, एकदा झालतं की तिचं लगीन. कुठं बरी झाली?’ मला हसू फुटलं, पण आई गंभीर होती. आईचं काय मत होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती नणंदेवर चिडायची, तिला हसायची, पण तिच्याविरुद्ध कुणी बोललेलं तिला खपायचं नाही.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी हौसाला दारातनंच सांगितलं, ‘आता येसराचं काम बंद केलंय. येऊ नको.’  हौसा वळून निघून गेली. आत्या मागच्या दारात उभी होती. अप्पांनी एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. माझ्या वडिलांना मी वाईट म्हणणार नाही. ते भित्रे होते. दुकानदाराला अख्ख्या गावाशी गोड राहावं लागतं, आणि गोड राहता राहता माणूस भित्रा होतो.

नंतरचे दिवस आठवले की अजून माझा जीव घाबराघुबरा होतो. आत्या घरभर फिरत राहायची. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा झाडायची. हंडा घेऊन निघायची आणि रिकामाच घेऊन परत यायची. पाऊस सरून भादव्याचं ऊन पडलं होतं, माळवदावर साठवणीच्या डाळी वाळत घातल्या होत्या. आम्ही दोघी त्या हातानं पसरत होतो. मला काही राहवेना. मी सरळ विचारलं, ‘आत्या, टीव्हीवर सांगितलं तसं हाय का ग तुमचं?’

ती रागावेल असं वाटलं होतं. ती डाळीतला एक खडा उचलून बघत बसली. म्हणाली, ‘टीव्हीवरचं मला काय कळलं न्हाई बघ. ती माणसं लई घाईत बोलत होती. मला एवढंच कळतं, हौसा आली न्हाई की मला भाकर गिळत न्हाई. सासरी सगळं होतं, पण मी तिथं जिती नव्हते. तुला पाप वाटतं का शैले?’

‘न्हाई,’ मी म्हणाले.

‘मग झालं. आष्टीला मी जीव गेला तरी जाणार न्हाई. पण हितं बी कशी ऱ्हाऊ, ते सांग.’ तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. आत्याला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. 

आष्टीचे पाहुणे येऊन गेले. मावसभाऊ जेवला, पान खाल्लं, आत्याकडं एकदा बघून ‘ठीक हाय’ म्हणाला. दिवाळी झाली की पाट लावायचा असं ठरलं. आत्याला कुणी विचारलं नाही. अप्पांना आता एकच चिंता होती. हौसाचा भाऊ केजला जीपवर ड्रायव्हर झाला होता, त्यामुळं तो यंदा तोडीला जाणार नव्हता. म्हणजे हौसा पण गावातच राहणार. नेमकं लग्नाच्या वेळी ती वस्तीवर, आत्या घरात, आणि गाव मधे कान लावून बसलेलं.

दगडू मुकादम दसऱ्याच्या आधी आमच्याच दुकानातनं टोळीसाठी तेल-मीठ-तंबाखू न्यायचा. गावातल्या टोळ्या तोच घेऊन जायचा. मोठ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. तो पायरीवर बसला होता आणि मी आत शेंगदाणे निवडत होते. अप्पांनी त्याला स्वतः चहा दिला आणि विषय काढला, ‘हौसाला नेतोयस न्हवं?’

‘अर्धा कोयता न्हाई घेत मी औंदा,’ मुकादम म्हणाला. ‘एकट्या माणसाचं काम निघत न्हाई, अन् ऱ्हायच्या कोपीला बी जागा पुरी लागती.’

‘मग जोडीला दुसरी बाई आणंल की ती. तुला चार हातच पायजेत ना?’

मुकादमानं मिशीवरनं हात फिरवला. ‘तसं बाप-ल्योक घेतोय मी. भाऊ-भाऊ घेतोय. दोन बाया बी घेईन, मला काय करायचंय. पण मधीच सोडून पळाल्या तर? मी कारखान्याला काय सांगू?’

‘पळत न्हाईत. हौसाच्या कोयत्याला माझा शबुद,’ अप्पा म्हणाले. हात पुढं करून टाळी दिली. आमच्याकडं मुकादमाला अशी टाळी दिली की ती मागं घेता येत नाही. टोळीतलं माणूस पळालं तर शब्द देणाऱ्याच्या दारात येऊन मुकादम बसतो, आणि सगळं गाव बघतं. अप्पांनी ते जाणूनच केलं. हौसा गावातनं गेली की सुटलो, या विचारात त्यांनी तिची जोडी कोण असेल याचा विचारच केला नाही. मी मान वर केली तर आतल्या उंबऱ्याशी आत्या उभी होती. तिच्या हातात चहाचे रिकामे कप होते आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा अगदी स्थिर उभी होती.

टोळी निघाली त्या दिवशी मी कॉलेजातनं एसटीनं परत येत होते. केजच्या अलीकडं रस्त्यावर समोरनं ट्रक आला. वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, बाया, सगळं खच्चून भरलेलं. रस्ता अरुंद होता म्हणून दोन्ही गाड्या हळू झाल्या. मी खिडकीतनं सहज वर बघितलं. गोधड्यांच्या गठ्ठ्यावर गिरजाआत्या बसली होती. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, काखेत हौसाची कोंबडी. शेजारी हौसा. आत्यानं मला बघितलं. ती लाजली नाही की लपली नाही. हात वर करून जत्रेला निघाल्यासारखी जोरजोरात हलवायला लागली. मी पण खिडकीतनं हात काढून हलवला आणि कंडक्टर माझ्यावर ओरडला.

घरी अप्पा आनंदात होते. टोळी गेली, हौसा गेली. आत्या दुपारीच मारुतीला जाते म्हणून निघाली होती आणि देवळात बायांबरोबर बसली असेल असं सगळे धरून चालले होते. मी दप्तर टाकलं आणि सांगितलं, ‘आत्या तोडीला गेली. हौसाच्या कोयत्यात.’ मला गुळमुळीत बोलता येत नाही, अजून येत नाही. अप्पांच्या हातातलं माप साखरेच्या पोत्यातच राहिलं. ते आईकडं बघायला लागले. आई म्हणाली, ‘तुमीच शबुद दिला न्हवं?’

वाण्याची बाई ऊस तोडायला गेली! असं आमच्या नात्यागोत्यात कधी झालेलं नव्हतं. अप्पांनी गावाला ‘मामाकडं गेलीय’ म्हणून सांगितलं, पण निम्मं गाव त्या टोळीला निरोप द्यायला गेलं होतं, त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. मथुराकाकूंनी आष्टीला थांबा म्हणून कळवलं आणि रोज येऊन विचारायला लागल्या, ‘मग भावजी, आणायचं कवा तिला?’ दिवाळी उलटली. शेवटी अप्पा निघाले. बाईला आणायला सोबत बाईमाणूस पाहिजे आणि आईच्या गुडघ्यानं दगा दिला होता, म्हणून मला घेतलं.

केजहून बार्शी, बार्शीहून आणखी गाड्या बदलत आम्ही खाली कृष्णाकाठच्या मुलखात गेलो. मी एवढं हिरवं कधी बघितलं नव्हतं. सगळीकडं ऊस, पाटाचं पाणी, आणि हवेत मळीचा आंबूस वास. अप्पा वाटेत नुसते पिशवीचे बंद सोडत आणि बांधत होते. टोळीचा तळ एका मोकळ्या रानात होता. पाचटाच्या आणि बांबूच्या कोप्या, माणसाला वाकून आत जावं लागेल एवढ्या झोपड्या, ओळीनं उभ्या. एक म्हातारी लेकरं सांभाळत बसली होती. आम्ही गिरजाबाई कुठं आहे विचारलं. ती म्हणाली, ‘हौसाची जोडी व्हय? फडात हाय. येतीलच आता. ती बगा त्यांची कोपी.’ आणि तिनं बोट केलं. हे चेष्टेनं नव्हतं, कुजबुजून नव्हतं. अमक्याची बैलजोडी कुठं बांधलीय ते सांगावं, तसं सांगितलं.

दुपार कलताना सगळे उसाच्या फडातनं परत आले. आत्याला मी लांबनं ओळखलंच नाही. लुगड्यावरनं पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा, तोंड उन्हानं रापलेलं, हातांवर पाचटाचे ओरखडे. ती हौसाला काहीतरी सांगत मोठ्यानं हसत येत होती. आम्हाला बघून थबकली. मग धावत येऊन मला कवटाळलं. तिच्या अंगाला उसाचा आणि घामाचा वास येत होता.

अप्पा म्हणाले, ‘गिरजे, सामान घे. चल घरी.’

‘कावून?’

‘कावून काय इचारती? ही रीत हाय का आपली? गाव थुंकायलंय माझ्या तोंडावर.’

तोवर दगडू मुकादम आला. त्यानं अप्पांना रामराम केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या हळू आवाजात म्हणाला, ‘अप्पा, हंगाम उठल्याबिगर जोडी मोडत न्हाई आमी. नवरा-बायकूचं भांडण झालं तरी मोडत न्हाई. अन् या कोयत्याला तर तुमचाच शबुद हाय. मी तुमाला चांगलं माणूस समजून टाळी दिली.’ भोवती टोळीतली माणसं गोळा झाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना फक्त खरंच कळत नव्हतं, की चांगली कामाला लागलेली जोडी हा दुकानदार का मोडायला आलाय.

अप्पा चिडून म्हणाले, ‘अरे, ही जोडी हाय का? दोन बाया हायेत त्या!’

‘मग काय झालं?’ आत्याच बोलली. मी तिला एवढं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ‘दादा, तुझ्या घरात मी एवढी वर्षं ऱ्हायले. तू मला काय कमी केलं न्हाईस. पण हौसाला उंबऱ्याच्या आत बस म्हणलास का कवा? आमी अंगणातच बसलो. हितं आलो, त्या दिवशी मुकादमानं बांबू आणून टाकले अन् म्हणला, एक कोयता, एक कोपी, ही तुमची जागा. कुणी इचारलं न्हाई तुमी कोण, कुणाच्या. दादा, मला आष्टीला धाडू नको. पाया पडते तुझ्या. लई दिवसांनी मला झोप लागायलीय.’

ती खरंच वाकली. अप्पांनी तिला मधेच धरलं. मग ते तिथंच एका मोळीवर बसले आणि जमिनीकडं बघत राहिले. हौसा कोपीत गेली, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं धरलं. आमच्या घरी वस्तीवरच्या माणसाच्या हातचं पाणी चालायचं नाही, हे ती जाणून होती. मी अप्पांकडं बघत होते.  अप्पांनी तांब्या घेतला, पाणी प्याले, तोंड पुसलं.

मग म्हणाले, ‘हौसा, हिच्या डोक्यावर लई वजन देत जाऊ नको. लहानपणी झाडावरनं पडलती, मान लचकलती हिची. थंडीत दुखती.’

‘मोळ्या मीच वाहते अप्पा,’ हौसा म्हणाली. ‘ती नुसती बांधती.’

आत्या पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली, आणि तिला बघून मी. टोळीतल्या बायांनी आम्हाला जेवायला बसवलं. अप्पा जेवले नाहीत, पण पंक्तीला बसून राहिले आणि मुकादमाशी ऊस, पाऊस असलं काहीबाही बोलत राहिले.

परवा टीव्हीवर मोठ्या कोर्टातली चर्चा चालू होती, अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायचा की नाही यावर. विद्वान माणसं धर्म, संस्कृती, कायदा, सगळं बोलत होती. माझी सून म्हणाली, ‘आई, तुम्हाला काय वाटतं?’ मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. मला बसून ऐकवेना. आत्या आणि हौसा पुढं वस्तीवरच्या घरात राहिल्या, तोड झेपत होती तोवर जात राहिल्या. हौसा आधी गेली. तेव्हा सुतक धरायला आत्याला कुणी बसू दिलं नाही, कारण ती कोण लागत होती हौसाची? भाऊ-भावजय बसले. आत्या अंगणात राहिली. हे आठवलं की माझ्या अंगाची अजून आग होते. हक्क नसला की माणसाला आपलं दुःख पण दुसऱ्याच्या परवानगीनं करावं लागतं, हे त्या टायवाल्यांना कोण सांगणार?

पण हे सगळं पुढचं. तेव्हा आम्ही दोघं परत आलो, तर दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. पारावरची दोन-तीन रिकामटेकडी माणसं मुद्दाम येऊन पायरीवर बसलेली. सगळ्यांना ठाऊक होतं आम्ही कुठं गेलो होतो, आणि आम्ही दोघंच परत आलोय हे पण सगळ्यांनी बघितलं होतं. मथुराकाकू पिशवी घेऊन आल्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘काय भावजी, एकलेच आलात? गिरजा कुठं हाय मग?’

 मी अप्पांच्या पाठीकडं बघत होते.  मामाकडं आहे म्हणतील असं मला वाटलं.

‘गिरजा नांदतीय,’ अप्पा म्हणाले.

सासरी सुखानं राहणाऱ्या लेकीबद्दल आमच्याकडं बापभाऊ असं सांगतात. काकूंना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकलं. ‘नांदतीय? कुणाकडं?’

‘हौसाकडं,’ अप्पा म्हणाले, आणि काकूंच्या हातातली पिशवी ओढून घेतली. ‘डाळ कंची देऊ वहिनी? तुरीची का हरभऱ्याची?’